शाळेच्या भिंतीला पोट आलंय का?

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. शाळा तेव्हा रिकाम्या होत्या. मराठवाड्यातल्या शाळांच्या इमारती तपासताना मात्र हिशेब भरल्या वर्गांचाच धरायला हवा. हिंगोली परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये बसलेले धक्के सकाळचे होते.

रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर, म्हणजे किल्लारीचा भूकंप जगाच्या मानाने मध्यमच. तरी हजारो माणसं गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, अंगावर येऊन. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या एका भिंतीत दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, आणि मधे चिपा-मातीची भर. जमीन हलली की भर खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही बाजूंना रेटते. भिंत आधी फुगते, मग ढासळते.

म्हणून जुन्या दगडी शाळेत रंगरंगोटी बघण्याआधी ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, भिंतीलगत सोडावा. दोरी वर-खाली मोकळी आणि मधेच भिंतीला टेकत असेल, तर पोट आलंय. मग थोडा गिलावा काढून आरपार गेलेले दगड शोधावेत. उंचीत दर दोन फुटांना आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत असा एक दगड हवा. नसेल तर भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. शिकवलं तर गावातला गवंडीही हे काम नीट करतो.

तड्यांच्या बाबतीत आपल्याकडे हमखास गफलत होते. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे भूकंप नसतानाही भिंती तडकतात. तड्यावर प्लास्टरची छोटी पट्टी लावून तारीख लिहावी. पट्टी फुटली तर तडा अजून हलतोय. पण ‘मातीचाच आहे’ म्हणून तो सोडून देऊ नये. कोपऱ्यात सुटलेल्या दोन भिंती धक्क्यात एकमेकींना धरत नाहीत.

आडव्या भिंतीचा आधार नसलेली लांब भिंत, व्हरांड्याकडच्या ओळीने खिडक्या, दारा-खिडक्यांवरून सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी नसणं, याही नोंदी हव्यातच. पण पोट आलेल्या भिंतीलगतचा वर्ग अहवालाची आणि निधीची वाट न बघता आजच दुसऱ्या खोलीत हलवावा.