कामाडो शेगडीतील तापलेला डिफ्लेक्टर काढणे

कामाडो ही अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिक भिंतींची आणि झाकण असलेली कोळशाची शेगडी आहे. तिच्यात निखारे आणि अन्न यांच्या मधोमध सिरॅमिकची एक जाड तबकडी बसवतात. तिला हीट डिफ्लेक्टर म्हणतात. खालून येणारी थेट धग ही तबकडी अडवते. गरम हवा तिच्या कडेने वर चढते, घुमटाकार झाकणाला लागून फिरते आणि अन्न चारही बाजूंनी भाजले जाते. स्वयंपाक अर्ध्यावर असताना, तबकडी शेकडो अंश तापलेली असताना, ती बाहेर काढण्याची वेळ अनेकदा येते. कामाडोवर करायच्या कामांत हे सर्वांत जोखमीचे काम आहे. पाककृतींमध्ये मात्र ते ‘आता डिफ्लेक्टर काढा’ एवढ्या एका वाक्यात उरकलेले आढळते.

पार्श्वभूमी : जपानमध्ये भात शिजवण्यासाठी मुशीकामाडो नावाची मातीची, झाकणाची चूल वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती मायदेशी नेली आणि तिच्यावर मांस भाजायला सुरुवात झाली. १९७४ मध्ये एड फिशर यांनी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे बिग ग्रीन एग ही कंपनी सुरू केली. सुरुवातीच्या मातीच्या चुली वारंवार तापून तडकत. पुढे त्यांची जागा अधिक टिकाऊ सिरॅमिकने घेतली. प्रिमो आणि २००९ मध्ये स्थापन झालेली कामाडो जो या कंपन्याही जॉर्जियातल्याच. डिफ्लेक्टरचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. बिग ग्रीन एगचा डिफ्लेक्टर अखंड असून त्याला तीन पाय असतात. त्याला आधी प्लेट सेटर म्हणत, आता कॉन्व्हएगटर म्हणतात. कामाडो जोमध्ये अर्धचंद्राकृती दोन तबकड्या धातूच्या मांडणीवर शेजारी शेजारी बसवतात. हा फरक दिसायला किरकोळ असला तरी तबकडी काढण्याची पद्धत त्यावरच ठरते.

या तबकड्या बहुधा कॉर्डिएराइट या सिरॅमिकच्या असतात. मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांपासून बनलेला हा पदार्थ तापल्यावर फारच कमी प्रसरण पावतो. त्यामुळे तापमानातील चढउतार तो चांगला सोसतो. कुंभारकामाच्या विद्युत भट्ट्यांतील फळ्याही याच कारणासाठी कॉर्डिएराइटच्या करतात.

तबकडी मध्येच का काढावी लागते : मांसाचा जाड तुकडा आधी मंद आचेवर आतपर्यंत शिजवायचा आणि शेवटी प्रखर धगीवर बाहेरून खरपूस करायचा, ही पद्धत कामाडोवर लोकप्रिय आहे. पहिल्या टप्प्यात शेगडीचे तापमान ११० ते १३० अंश सेल्सियस असते आणि डिफ्लेक्टर जागेवर हवा असतो. दुसऱ्या टप्प्याला ३०० अंशांच्या वरची थेट धग लागते. तिथे तोच डिफ्लेक्टर आड येतो. कोंबडीच्या तंगड्यांची कातडी शेवटी कुरकुरीत करायची असली, किंवा लांबलेल्या भाजणीत कोळसा कमी पडला, तरी तबकडी हलवावी लागते.

गरम तबकडीचे स्वरूप : धोक्याचे मूळ असे, की तापलेली तबकडी तापलेली दिसत नाही. घन पदार्थ डोळ्यांना दिसेल इतका लालसर उजेड सुमारे ५२५ अंश सेल्सियसला देऊ लागतात. या मर्यादेला ड्रेपर बिंदू म्हणतात. डिफ्लेक्टर सहसा त्याच्या बऱ्याच खाली असतो. ३०० अंशांवरची तबकडी आणि कपाटातून काढलेली थंड तबकडी यांच्या रंगात काहीच फरक नसतो. अंगणात ठेवलेली अशी तबकडी अर्ध्या तासाने कोणी ‘हे इथे का पडलंय’ म्हणून सहज उचलायला जाते, आणि हात पोळतो.

दुसरी गोष्ट साठलेल्या उष्णतेची. तीन किलो वजनाची तबकडी भोवतालच्या हवेपेक्षा २५० अंशांनी जास्त तापलेली असेल, तर तिच्यात साधारण सहाशे किलोज्यूलहून अधिक उष्णता असते. तेवढ्यात दोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येते. सिरॅमिक उष्णता सावकाश सोडते, त्यामुळे वरचा भाग जरा निवला तरी आतली उष्णता पुन्हा वर येत राहते. फुंकर घालून किंवा दहा मिनिटे थांबून ती हात लावण्याजोगी होत नाही.

झाकण उघडताना : तबकडीपर्यंत हात पोहोचण्याआधीचा धोका हवेचा असतो. कामाडोची हवा आत घेणारी झडप मिटलेली असली की आत प्राणवायू कमी पडतो, पण निखारे विझत नाहीत. ते धुमसत राहतात आणि ज्वलनशील वायू साचतात. अशा वेळी झाकण झटक्यात उघडले की ताजी हवा आत घुसते आणि ज्वाळांचा लोळ उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो. यासाठी झाकण आधी दोन-तीन बोटे उचलून काही सेकंद तसेच धरायचे, थोडे मिटवून पुन्हा उचलायचे, आणि आतल्या हवेचा आवेग ओसरल्यावरच पूर्ण उघडायचे. शेगडी जितकी जास्त तापलेली, तितकी ही सबुरी जास्त हवी. उघडणाऱ्याने समोर वाकून न राहता बाजूला उभे राहावे. झाकण जड असते. ते पूर्ण मागे जाऊन स्वतःच्या आधाराने थांबले आहे याची खात्री झाल्याशिवाय हात आत घालू नये.

नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतात, म्हणून अंगावर सुती कपडे हवेत. ओढणी आणि पदर खोचलेले, केस बांधलेले असावेत.

हातमोजे : स्वयंपाकघरातले फडके किंवा भांडी धरायचा कापडी मोजा येथे उपयोगाचा नाही. सिलिकॉनचे मोजे साधारण २३० ते २५० अंशांपर्यंतच टिकतात, आणि तबकडी त्याहून गरम असणे अगदी स्वाभाविक आहे. वेल्डर वापरतात ते कोपरापर्यंतचे चामडी मोजे किंवा अ‍ॅरामिड या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्यांचे जाड मोजे घ्यावेत. युरोपातील ईएन ४०७ या मानकात मोजा गरम वस्तूच्या स्पर्शाला किती टिकतो याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत : १००, २५०, ३५० आणि ५०० अंश सेल्सियस. हे आकडे नीट वाचले पाहिजेत. त्या तापमानाला मोजा किमान पंधरा सेकंद हाताचे रक्षण करतो, एवढाच त्यांचा अर्थ. ‘५०० अंशांचा मोजा’ घालून तबकडी हातात धरून जागा शोधत फिरता येत नाही.

मोजा पूर्ण कोरडा हवा, या मुद्द्यावर कितीही भर दिला तरी तो कमीच. आपल्याकडे गरम पातेले उतरवताना फडके ओले करून घ्यायची सवय अनेक घरांत आहे, आणि तीच इथे घातक ठरते. ओल्या कापडातून उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर आत येते. पाण्याची वाफ होते आणि ती मोज्याच्या आत अडकून हात भाजते. घामाने भिजलेला किंवा तेलकट झालेला मोजाही याच कारणाने बाजूला ठेवावा.

काढण्याचा क्रम : तबकडी उचलण्याआधी ती कुठे ठेवायची ती जागा तयार असली पाहिजे, आणि शेगडीपासून तिथपर्यंतची वाट मोकळी असली पाहिजे. जागा शेगडीपासून एक-दोन पावलांवर, शक्यतो कमरेच्या उंचीची असावी. मुले आणि पाळीव प्राणी घरात किंवा दूर असावेत. एवढे झाल्यावरच अन्न उतरवावे. मग वरची जाळी काढावी. त्यानंतर चरबी झेलणारा ट्रे काढायचा. घाईत नेमका हाच विसरतो. ट्रेमधली वितळलेली चरबी तबकडीसोबत कलंडून निखाऱ्यांवर पडली तर हातभर ज्वाळा उठतात. ट्रे आडवा, सावकाश आणि स्वतंत्र फेरीत न्यावा.

तीन पायांचा डिफ्लेक्टर पाय वर करून बसवला असेल तर दोन्ही हातांनी दोन पाय धरून तो सरळ वर उचलता येतो. पाय खाली असतील तर फक्त कड हाताला लागते आणि पकड कमकुवत राहते. मध्येच काढावा लागणार हे माहीत असेल तर तो आधीपासून पाय वर करूनच बसवणे शहाणपणाचे. अर्धचंद्राकृती तबकड्या एका वेळी एकच काढाव्यात. कडेखाली लोखंडी आकडा किंवा जाळी उचलायचा चिमटा सरकवून ती थोडी वर करायची आणि मग मोज्याने दोन्ही टोकांना धरायची. पातेल्याच्या सांडशीने किंवा साध्या पकडीने एका बाजूने धरून उचलण्याचा मोह टाळावा. तबकडीचे वजन एका टोकावर येते, ती फिरते आणि निसटते. निसटलीच तर ती झेलायला जाऊ नये. पाय मागे घ्यावेत आणि तिला पडू द्यावे. तबकडी नवी मिळते.

हे सगळे चालू असताना उघड्या शेगडीत हवा भरभरून जात असते आणि निखारे भडकतात. म्हणून खालची झडप आधीच बरीचशी मिटलेली ठेवावी आणि तबकडी बाहेर जाताच झाकण लावावे. कामाडो एकदा जास्त तापली की जाड भिंतींमुळे लवकर उतरत नाही, आणि झाकणाच्या कडेची नमद्याची पट्टीही अशा वेळी करपते. प्रखर धग हवी असेल तर झाकण लावून, झडप बेताने उघडत तापमान वाढवावे.

कुठे ठेवावी : लाकडी गच्ची, प्लॅस्टिकचे टेबल, वाळलेले गवत आणि गॅस सिलिंडरची आसपासची जागा उघडच बाद होतात. पण दगडही सुरक्षित असतोच असे नाही. ग्रॅनाइटचा ओटा किंवा कडप्पा एकाच ठिकाणी अचानक तापला तर तडकू शकतो. ओल्या काँक्रीटमधल्या पाण्याची वाफ होऊन वरचे पापुद्रे उडू शकतात. कोरड्या अग्निविटा, खालून हवा खेळेल अशी लोखंडी तिवई, किंवा शेजारी असलेली दुसरी, न पेटवलेली शेगडी या उत्तम जागा. यातले काही नसेल तर लोखंडी घमेल्यात पूर्ण कोरडी वाळू घालून, ते विटांवर ठेवूनही काम भागते. ठेवलेल्या जागी तबकडी गरम असल्याची ठळक खूण करावी. तिच्यावर उलटे झाकलेले घमेले पुरते. फक्त घमेलेही तापते हे लक्षात असावे.

तडकणे : कॉर्डिएराइट कितीही सोशिक असले तरी एक बाजू एकाएकी निवली आणि उरलेली तबकडी तशीच तापलेली राहिली, की निवलेला भाग आक्रसतो, त्यावर ताण येतो आणि भेग पडते. गरम तबकडीवर पाणी ओतणे, ती ओल्या फरशीवर ठेवणे किंवा पावसात उघडी सोडणे ही भेगांची नेहमीची कारणे.  उलट बाजूनेही काळजी हवी : पाण्याने धुतलेली किंवा पावसात भिजलेली तबकडी पाणी शोषून घेते, आणि ती लगेच भडकत्या निखाऱ्यांवर ठेवली तर आतल्या वाफेने फुटू शकते. साबण तर लावूच नये, तो छिद्रांत मुरतो. चरबीचे डाग पुढच्या वेळी मोकळ्या आगीवर जाळून काढावेत आणि राख कोरड्या ब्रशने झाडावी. भेग गेलेली तबकडी उचलताना दुभंगू शकते, त्यामुळे ती गरम असताना काढायची नाहीच.

न काढता भागवण्याचे मार्ग : गरम तबकडीला हात न लावणे हा या प्रश्नावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बऱ्याचदा शक्य असतो. अर्धचंद्राकृती रचनेत एकच अर्धी तबकडी बसवली तर शेगडीत दोन्ही प्रकारची आच एकाच वेळी मिळते. मांस एका बाजूला शिजवून शेवटी दुसऱ्या बाजूला सरकवायचे. काही मांडण्या टोपलीसारख्या असतात, त्यांतून तबकडी, ट्रे आणि जाळी कड्या धरून एकत्र बाहेर येतात. किंवा क्रम उलटवावा : आधी मोकळ्या निखाऱ्यांवर मांस खरपूस करून घ्यावे, मग झडप मिटवून आच उतरल्यावर थंड तबकडी आत ठेवावी. तबकडी थंड असली तरी जाळी आणि शेगडीची कड तापलेलीच असते, म्हणून मोजे तेव्हाही हवेत. याहून साधे म्हणजे शेवटची भाजणी गॅसवरच्या बिडाच्या तव्यावर करावी. चवीत थोडा फरक पडतो, पण नवख्या माणसाने पहिले काही महिने हाच मार्ग धरावा असे वाटते.

भाजल्यास : भाजलेला भाग लगेच वाहत्या, साध्या गार पाण्याखाली धरावा आणि पूर्ण २० मिनिटे धरून ठेवावा. दोन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटली तरी हात काढू नये. अंगठी, बांगड्या आणि घड्याळ सूज येण्याआधी उतरवावे. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तूप लावण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. त्याने उष्णता आत कोंडते, जखमेत जंतू जाऊ शकतात आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. पाण्याखाली धरल्यानंतर स्वच्छ, न चिकटणारे आवरण सैलसर ठेवावे. फोड फोडू नयेत. तळहात, बोटांचे सांधे किंवा चेहरा भाजला असेल, कातडी पांढरी किंवा करपलेली दिसत असेल, किंवा इतके भाजूनही दुखत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.