रोखून की राखून? राज्यपालांच्या अनुमतीमागची पार्श्वभूमी

मराठी वृत्तपत्रांच्या डेस्कवर एका मात्रेची चूक वर्षानुवर्षे होत आली आहे. राज्यपालांनी विधेयक 'रोखून ठेवले' की 'राखून ठेवले'? घाईच्या वेळी जे बोटाला येईल ते छापले जाते. मी स्वतः ही चूक केली आहे, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नाही, हे त्याहून वाईट. कारण त्या एका मात्रेत विधेयकाची दिशाच बदलते. राज्यपाल रोखतात ती अनुमती (विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक कायदा होण्यासाठी लागणारी संमती), म्हणजे विधेयक माघारी विधिमंडळाकडे यायला हवे. राखून ठेवतात ते विधेयक, राष्ट्रपतींच्या विचारासाठी, म्हणजे ते दिल्लीला जाते आणि तिथे खरा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ घेते. एक वाट पुन्हा विधानसभेकडे येणारी, दुसरी विधानसभेपासून लांब जाणारी.

आपल्या बातम्यांत मात्र तिसरेच क्रियापद सर्वांत जास्त येते. विधेयक 'पडून आहे'. राज्यपालांच्या अनुमतीबद्दलच्या, संविधानाच्या कलम २०० मध्ये हे क्रियापद नाही. गेल्या काही वर्षांचे सगळे रामायण या नसलेल्या क्रियापदावरून झाले आहे.

मुळात ही तरतूद आली ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातून. त्या कायद्याच्या कलम ७५ मध्ये प्रांताचा गव्हर्नर 'स्वविवेकाने' अनुमती देई, रोखे किंवा विधेयक गव्हर्नर जनरलसाठी राखून ठेवी. परकीय सत्तेचा प्रतिनिधी निवडून आलेल्या मंडळींवर लक्ष ठेवणार, हे त्यात उघडच होते. ब्रिटनमध्ये स्वतः राजसत्तेने १७०८ नंतर एकाही विधेयकाला अनुमती नाकारलेली नाही. वसाहतीत मात्र तोच अधिकार ताजा ठेवला गेला.

आपली घटना लिहिताना हा सांगाडा उचलला गेला आणि त्यातले दोन शब्द बदलले. पहिला बदल १ ऑगस्ट १९४९चा. मसुद्यातल्या कलम १७५ मध्ये, एकच सभागृह असलेल्या राज्यात राज्यपाल 'स्वविवेकाने' विधेयक परत पाठवू शकतील असे होते. मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच तो शब्द काढायला लावला. जबाबदार सरकार असेल तिथे राज्यपालाच्या स्वविवेकाला जागा उरत नाही, हे कारण त्यांनी सभागृहात दिले. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

दुसरा बदल वेळेचा. राष्ट्रपतींबाबतच्या कलमाच्या मसुद्यात, विधेयक परत पाठवायचे तर सहा आठवड्यांच्या आत, अशी स्पष्ट मुदत होती. ती काढून 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द घातले गेले, आणि राज्यपालांच्या कलमातही तेच शब्द बसले. त्या वेळी एका सदस्याने उठून हरकत घेतली होती. घटनेसारख्या दस्तऐवजात असे मोघम शब्द कशाला, राष्ट्रपतीने वेळ लावला तर काय करणार, असा त्याचा सूर होता. उत्तर देणाऱ्यांच्या मनात असे होते की लवकर म्हणजे सहा आठवड्यांच्याही आधी, कदाचित दुसऱ्याच दिवशी. मुदत दिली की माणूस शेवटच्या दिवसापर्यंत थांबतो, हा सरकारी कचेरीतला अनुभव सगळ्यांनाच होता. मुदत काढली की तो त्याच्याही पुढे थांबू शकतो, हा अनुभव यायचा होता. अमेरिकेच्या घटनेत रविवार सोडून दहा दिवस मोजून दिलेले आहेत. तो नमुना सभेसमोर होता, तरी आपण विश्वासावर गेलो.

गंमत अशी की घड्याळ आपल्या घटनेतही आहे, फक्त ते एका बाजूच्या मनगटावर बांधलेले आहे. राखून ठेवलेले विधेयक राष्ट्रपतींनी परत पाठवले तर विधानसभेने सहा महिन्यांच्या आत त्याचा फेरविचार करायचा, असे कलम २०१ सांगते. राष्ट्रपतींनी किती दिवसांत काय करायचे, यावर तेच कलम गप्प. फेरविचार करून पुन्हा मंजूर केले तरी अनुमती द्यावीच लागेल, असेही त्यात नाही.

सुरुवातीची काही दशके हे फारसे बोचले नाही, कारण केंद्रात आणि बहुतेक राज्यांत एकाच पक्षाचे राज्य होते. अपवाद केरळचा. १९५७चे तिथले शिक्षण विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवले गेले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले गेले, दुरुस्त्या झाल्या आणि १९५९च्या सुरुवातीला अनुमती मिळाली. त्याच वर्षी ३१ जुलैला ते सरकारच बरखास्त झाले. राष्ट्रपती भवनात विधेयक नुसतेच ठेवून देण्याचे गाजलेले उदाहरण १९८६च्या टपाल दुरुस्ती विधेयकाचे. लोकांची पत्रे उघडण्याचे अधिकार देणारे ते विधेयक तेव्हाच्या राष्ट्रपतींनी ना मंजूर केले ना परत पाठवले. तेव्हा बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. या अधिकाराबद्दल आपले मत विधेयक कोणते आहे यावर ठरते, ही सवय तिथूनच लागली असावी.

महाराष्ट्राचा अनुभव दोन्ही तऱ्हांचा आहे. संघटित गुन्हेगारीविरोधातल्या मोक्का कायद्याची छापील प्रत उघडली तर शीर्षकाखालीच कंसात नोंद दिसते, की राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यावर राजपत्रात प्रसिद्ध, २४ एप्रिल १९९९. राज्याच्या नेहमीच्या कायद्यांवर तिथे राज्यपालांचा उल्लेख असतो. फौजदारी कायदा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही करता येणारा. केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही करायचे तर दिल्लीची वाट चुकत नाही. मोक्काचे काम झटपट झाले. त्याच धर्तीचे गुजरातचे विधेयक २००३ मध्ये पहिल्यांदा मंजूर झाले आणि अनेकदा परत येऊन अनुमती मिळायला नोव्हेंबर २०१९ उजाडले. महिलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारे महाराष्ट्राचे शक्ती विधेयक तर डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर होऊन गेले ते गेलेच. ते ज्या दंड संहितेत दुरुस्ती करणार होते, ती संहिताच १ जुलै २०२४ला इतिहासजमा झाली.

आणि राज्यपालांनी विधान परिषदेवर नेमायच्या बारा आमदारांची यादी. ती विधेयकाची गोष्ट नव्हे, कलमही वेगळे. पण राजभवनातल्या मौनाचा अर्थ मराठी वाचकाला कळला तो तिच्यामुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावे पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसले तरी निर्णय वाजवी वेळेत व्हायला हवा, आणि आठ महिने हा काळ वाजवीपलीकडचा दिसतो. त्यानंतरही काही हलले नाही. २०२२ मध्ये सरकार बदलले, यादी मागे घेतली गेली.

खरा स्फोट दक्षिणेत झाला. तमिळनाडूची दहा विधेयके, बहुतेक कुलगुरूंच्या नेमणुकांबाबतची, काही २०२० पासूनची. इथे राज्यपालांची बाजूही सांगायला हवी. तेच विद्यापीठांचे कुलपती, आणि विधेयके त्यांचेच अधिकार काढणारी. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०२१ मध्ये कुलगुरू निवडीत सरकारचा हात वाढवणारे विधेयक मंजूर केले होते, ते पुढच्या सरकारने मागे घेतले. कुलगुरू नेमताना सरकारे फार सज्जन असतात असा कुणाचा अनुभव नाही. तरीही आक्षेप असेल तर तो लिहून परत पाठवायला कलम २०० मध्ये जागा आहे. कागद ठेवून देणे हा आक्षेप नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२३ रोजी या विलंबाबद्दल चिंता व्यक्त केली आणि तीनच दिवसांत राज्यपालांनी दहाही विधेयकांची अनुमती रोखली. १८ तारखेला विधानसभेने खास अधिवेशनात ती पुन्हा मंजूर केली. आता कलम २०० मधल्या पहिल्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे परत आलेले विधेयक पुन्हा मंजूर झाले की अनुमती रोखायची नाही या अटीप्रमाणे, अनुमती देणे भाग होते. २८ तारखेला राज्यपालांनी दहाही विधेयके राष्ट्रपतींसाठी राखून ठेवली. म्हणजे आधी रोखून, मग राखून. आमच्या डेस्कवरचा गोंधळ प्रत्यक्षात उतरला होता.

त्याच महिन्यात पंजाबच्या खटल्याचा निकाल आला होता: अनुमती रोखायची तर विधेयक परत पाठवलेच पाहिजे, रोखून गप्प बसता येत नाही. तेलंगणाच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने 'शक्य तितक्या लवकर' या शब्दांना घटनात्मक वजन आहे, याची आठवण दिली होती. केंद्र-राज्य संबंधांवरचे आयोगही मुदती सुचवून गेले होते. २०१० मधल्या अहवालात राज्यपालांसाठी सहा महिने होते. अहवाल कपाटात राहिले.

८ एप्रिल २०२५ला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपालांना एक महिना आणि तीन महिने अशा मुदती आखून दिल्या, राष्ट्रपतींनाही तीन महिने सांगितले, आणि दहा विधेयकांना अनुमती मिळाली असे मानले. काही दिवसांतच तमिळनाडूच्या राजपत्रात ते कायदे प्रसिद्ध झाले. त्यांवर राज्यपालांची सही नव्हती आणि राष्ट्रपतींचीही नव्हती. असे देशात पूर्वी घडले नव्हते.

केंद्राला हे पटणे शक्यच नव्हते. मे महिन्यात राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिले: घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही, आणि अनुमती मिळाली असे मानताही येत नाही. रोखायचे तर परत पाठवायचे, हे मात्र कायम राहिले. यातला ज्याची चर्चा कमी झाली तो भाग असा की अनुमती द्यायची, परत पाठवायचे की राखून ठेवायचे, यातली निवड करताना राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेले नाहीत, असे पीठाने म्हटले. १ ऑगस्ट १९४९ला दारातून बाहेर काढलेला 'स्वविवेक' सोप्यावर येऊन बसला, असे मला वाटते. घटनातज्ज्ञांत याबद्दल एकमत नाही.

उरली ती एक फट. विलंब प्रदीर्घ, विनाकारण आणि बेमुदत असेल तर 'काहीतरी निर्णय घ्या' एवढे न्यायालय सांगू शकते, कोणता ते नाही. प्रदीर्घ म्हणजे किती, ते त्या त्या खटल्यात ठरेल. बारा नावांसाठी मुंबईत आठ महिने जास्त वाटले होते. विधेयकासाठीचा आकडा सध्या कुठेच लिहिलेला नाही.