एला ग्रासो: गव्हर्नरपदाआधीची बावीस वर्षं

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. लोकांनी थेट निवडलेला तो राज्याचा प्रमुख असतो आणि अधिकारांच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. 1974 पर्यंत या पदावर तीनच स्त्रिया निवडून आल्या होत्या, आणि तिघींचेही पती आधी गव्हर्नर होते. वायोमिंगच्या नेली टेलो रॉस पतीच्या निधनानंतर आल्या. टेक्सासच्या मिरियम फर्ग्युसन यांच्या पतीला महाभियोग चालवून काढलेलं होतं. अलाबामात जॉर्ज वॉलेस यांना लागोपाठ दुसऱ्यांदा लढायला राज्यघटनेची मनाई होती, म्हणून 1966 मध्ये पत्नी लर्लीन उभ्या राहिल्या. हा पायंडा मोडला तो कनेक्टिकटच्या एला ग्रासो यांनी.

त्यांचा जन्म 1919 चा, विंडसर लॉक्स गावातला. आईवडील इटलीहून आलेले, वडिलांची बेकरी. माउंट होलिओक कॉलेजातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन त्या 1952 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेल्या. पक्षाचे राज्याध्यक्ष जॉन बेली यांनी त्यांना हेरलं होतं. पक्षयंत्रणा कशी चालते हे त्या त्यांच्याकडून शिकल्या.

खरी घडण झाली 1959 ते 1971 या काळात. तीन वेळा निवडून येऊन त्या बारा वर्षं राज्याच्या सचिव राहिल्या. निवडणुका, कंपन्यांची नोंदणी, सरकारी दप्तर, अशी बिनचमकीची कामं या खात्याकडे असतात. ग्रासोंनी मात्र तक्रार घेऊन येणाऱ्या कुणालाही दार उघडं ठेवलं. राज्यातली कौंटी (साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सरकारं 1960 मध्ये रद्द झाली, त्या प्रयत्नातही त्या पुढे होत्या. पुढे 1971 ते 1975 अशी चार वर्षं वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात असताना त्यांनी मतदारांसाठी मोफत फोनसेवा ठेवली. तिला लोक ‘एला-फोन’ म्हणत.

नोव्हेंबर 1974 मध्ये त्यांनी रिपब्लिकन रॉबर्ट स्टील यांना 2 लाखांहून जास्त मतांनी हरवलं. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणामुळे वारं डेमोक्रॅट्सच्या बाजूने होतं, हे मान्य करायला हवं. पण एवढं मताधिक्य नुसत्या वाऱ्याने मिळत नाही.

खुर्चीवर बसल्या तेव्हा तिजोरीत तूट होती. कनेक्टिकटमध्ये पगारावर आयकर नव्हता आणि तो लावायला त्यांचा ठाम विरोध होता. उत्पन्नाचा मोठा भार विक्रीकरावर, आणि मंदीत लोकांची खरेदी आटली की हाच कर आधी आटतो. उरला खर्चकपातीचा मार्ग. डिसेंबर 1975 मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, 505 सरकारी कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं गेलं. स्वतःच्या वाढीव पगाराचे 7,000 डॉलर त्यांनी तिजोरीत परत भरले, तरी कामगार संघटनांचा राग शमला नाही. त्याच वर्षी राज्यात माहिती अधिकाराचा कायदा झाला आणि तो राबवायला स्वतंत्र आयोगही नेमला गेला. त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत टिकाऊ काम हेच, असं आम्हाला वाटतं.

लोकमत फिरलं ते फेब्रुवारी 1978 च्या हिमवादळात. गाडी बर्फात अडकली तेव्हा त्या चालत हार्टफर्डच्या आर्मरीत, म्हणजे आपत्कालीन केंद्रात, पोचल्या आणि तिथेच मुक्काम ठोकला. राज्यातले सगळे रस्ते खासगी वाहनांना बंद करण्याचा आदेश त्यांनी काढला. निर्णय कठोर होता, पण बरोबर होता: रस्त्यात गाड्या अडकून पडल्या की बर्फ काढणारी यंत्रं पुढे सरकूच शकत नाहीत. आधीचे गव्हर्नर 1973 च्या गोठणाऱ्या पावसाच्या वादळावेळी (आइस स्टॉर्म) स्कीइंगला गेले होते, हे लोक विसरले नव्हते.

त्याच वर्षी त्यांचेच लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, रॉबर्ट किलियन पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. नोव्हेंबरमध्ये ग्रासो पुन्हा निवडून आल्या. पण 1980 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं. काम झेपेनासं झाल्यावर 31 डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला आणि सूत्रं लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम ओ’नील यांच्याकडे गेली. 5 फेब्रुवारी 1981 रोजी त्यांचं निधन झालं. त्या एकही निवडणूक हरल्या नव्हत्या. त्यांनी शेवटपर्यंत टाळलेला पगारावरचा आयकर कनेक्टिकटला 1991 मध्ये, गव्हर्नर लॉवेल वायकर यांच्या काळात, लावावा लागला.