समुद्रघोड्यांचे रोग (घरगुती मत्स्यालयातील)

हिप्पोकॅम्पस प्रजातीच्या माशांना खाऱ्या पाण्याच्या टाकीत होणारे आजार व त्यांवरील उपाय. समुद्रघोड्याला खवले नसतात. हाडांच्या कड्यांवर नुसती त्वचा ताणलेली असते. जठर नाही, दातही नाहीत. अन्न आतड्यातून भरभर पुढे सरकत असल्याने त्याला दिवसातून निदान दोनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जलचर) द्यावे लागते आणि उरलेले तळाशी कुजते. बऱ्याच आजारांचे मूळ या कुजण्यात असते.

मुंबईत उकाड्याची भर पडते. उष्ण कटिबंधातील जातींनाही टाकीत २२ ते २५ अंश से. तापमान मानवते, तर एप्रिल-मेमध्ये व ऑक्टोबरात बंद खोलीतील पाणी सहज तिशीला टेकते. अशा पाण्यात व्हिब्रिओ जीवाणू झपाट्याने वाढतात, विरघळलेला प्राणवायू घटतो. चिलर नसल्यास झाकणाऐवजी जाळी ठेवून पंखा सोडतात. मात्र आटलेल्या पाण्याची भरपाई आरओच्या गोड्या पाण्याने करावी, मिठाच्या नव्हे, नाहीतर खारटपणा वाढत जातो. पावसाळ्यात चौपाटीचे पाणी आणणे सर्वथा टाळावे. ते गढूळ असते आणि त्यात गोडे पाणी व सांडपाणी मिसळलेले असते.

सर्वांत वादग्रस्त आजार वायुबुडबुड्यांचा. नराच्या पिल्ले वाढवण्याच्या पिशवीत, शेपटीच्या त्वचेखाली किंवा डोळ्यामागे वायू साठतो. पिशवी फुगलेला नर पृष्ठभागाशी आडवा तरंगतो. शेपूट खालच्या आधारापर्यंत पोहोचत नाही, ती नुसती आवळत-सुटत राहते. कारणांविषयी एकमत नाही. पंपात हवा ओढली जाऊन पाणी वायूने अतिसंपृक्त होते, असे एक मत. उथळ टाकीत पाण्याचा दाब अपुरा पडतो, असे दुसरे. ४५ ते ५० सेंमी. उंचीचा आग्रह यातूनच आला. पिशवीच्या दाट रक्तवाहिन्यांत कार्बॉनिक अनहायड्रेज या विकराच्या क्रियेमुळे वायू सुटतो, असे तिसरे मत, तर काही अभ्यासक जीवाणूंकडे बोट दाखवतात. निव्वळ अतिसंपृक्तता पुरेशी वाटत नाही, कारण त्याच टाकीतील इतर मासे बहुधा धडधाकट असतात. ॲसिटाझोलामाइड हे त्याच विकराला रोखणारे औषध अनेकदा लागू पडते, हे तिसऱ्या मताच्या बाजूने जाते. अर्थात तेवढ्याने मूळ कारण सिद्ध होत नाही. पिशवीतला वायू काढताना माशाला पाण्याखालीच उभा धरून, बोटाने पिशवीच्या तळापासून वरच्या मुखाकडे अगदी हळू दाब द्यावा. पुन्हा फुगल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध सुरू करावे.

नळीसारखे तोंड सडणे हे दुखणे लहान दिसले तरी जीवघेणे, कारण मासा त्याच नळीने अन्न ओढतो. भूक असूनही तो उपाशी मरतो. शेपटीचे टोक पांढरे पडून सडण्यामागे बहुधा व्हिब्रिओ असतात. युरोनेमा हा केसलयुक्त आदिजीव त्वचेत शिरतो. ग्लुगिया हेराल्डी या सूक्ष्मबीजाणू परजीवीने अंगावर गाठी येतात. त्याचे वर्णन १९७९ मध्ये झाले. प्रतिजैविके मुख्य टाकीत कधीच घालू नयेत. गाळणीतले उपयुक्त जीवाणू मरतात व अमोनिया वाढतो. आजारी मासा वेगळ्या टाकीत, पकडायला आधार देऊन ठेवावा. नव्या माशालाही सहा आठवडे वेगळे ठेवणे इष्ट.

भारतात हे संपूर्ण कूळ २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. त्यामुळे किनाऱ्यावरून धरलेला समुद्रघोडा घरी पाळता येत नाही. वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत (स्थापना १९६१) जलचरांचे आरोग्य हा अभ्यासविषय आहे.

मायकोबॅक्टेरियम मरायनम हा जीवाणू १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत प्रथम वर्णिला गेला. त्याने मासा खंगत जातो व खात्रीचा इलाज नाही. माणसाच्या त्वचेवरही त्याच्या गाठी येतात. हाताला चीर असताना हातमोज्याविना टाकीत हात घालू नये.