सामूहिक वनहक्क

गावाच्या पारंपरिक सीमेतले जंगल राखण्याचा, त्याचा कारभार पाहण्याचा आणि त्यातले गौण वनउपज (इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारा माल) गोळा करून विकण्याचा ग्रामसभेचा कायदेशीर हक्क. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मान्य केला. वैयक्तिक वनहक्काला चार हेक्टरची मर्यादा आहे. सामूहिक हक्काला ती नाही. हा हक्क विकता येत नाही.

महाराष्ट्रात याचा सर्वाधिक विस्तार गडचिरोली जिल्ह्यात झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. पण पट्टा, म्हणजे हक्काचे अधिकारपत्र, हातात येऊनही बांबू विकता येईना. वनहक्क कायदा बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनउपज म्हणतो, १९२७ चा वन कायदा मात्र त्याला झाडांत धरत होता, आणि वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवले. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचे काम सर्वत्र ग्रामसभेच्या समितीकडे आणले.

दावा करताना ग्रामसभा आधी १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते; तीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. सामूहिक वनसंपत्तीचा दावा ‘क’ नमुन्यात भरतात. निस्तार पत्रक (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची सरकारी नोंद), जुने नकाशे, देवस्थान, मसणवट, विहिरी आणि वडीलधाऱ्यांची लेखी निवेदने हे सगळे पुरावे चालतात. किमान दोन हवेत. समिती शेजारच्या गावांना बोलावून सीमा पायी फिरते, नकाशा करते, ग्रामसभा ठराव करते. मग दावा उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. सभेला निम्मे सभासद हजर नसतील तर ठराव टिकत नाही. बहुतेक दावे मात्र सीमेवर अडतात. शेजारच्या गावाची सही आधी घेतली नाही, की तेच गाव पुढे हरकत घेते. पट्टा आल्यावर त्यावरचे जंगलाचे कक्ष (वनविभागाने पाडलेले भाग) क्रमांक आणि क्षेत्र दाव्याशी ताडून पाहावे. आकडा कमी पडला असेल तर वेळेत दाद मागावी लागते, आणि नेमकी हीच तपासणी उत्सवाच्या भरात राहून जाते.

बांबूची कटाई पावसाळ्यात बंद ठेवतात, कारण तेव्हा रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, नवे कोंब येत असतात. चालू आणि गेल्या वर्षाचे बांबू तोडायचे नाहीत. त्यांच्याच आधाराने पुढचे कोंब उभे राहतात. तोड जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरवर, पेराच्या गाठीच्या लगेच वर घ्यायची. गाठीच्या बरीच वर घेतली तर पोकळीत पाणी साचून खुंट कुजतो. मजुरी नगावर असली की हात सोप्या बांबूकडे वळतो: बाहेरचे कोवळे तोडले जातात आणि मधले जून तसेच राहून रांजी गच्च होते. त्यामुळे मजुरीचा दर ठरवतानाच जंगल राखायचे की नाही हेही ठरत असते.

बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूच्या पानांचा हंगाम एप्रिल-मेमधला. त्याआधी खुटकटाई करतात, म्हणजे झुडपे छाटतात; त्याने मोठी, मऊ पाने फुटतात. आग लावूनही पालवी येते, पण रोपे जळतात. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर (पाने जमा करण्याच्या जागी) पुडे मोजून रांगेने वाळत घालतात. अवकाळी पाऊस आला तर पानावर डाग पडतो आणि व्यापारी दर पाडतो. करारात संकलनाची मजुरी आणि ग्रामसभेची रॉयल्टी वेगळी लिहावी. आगाऊ रक्कम न घेता गोण्या उचलू दिल्या, तर पावसाळ्यात ठेकेदाराच्या मागे फिरावे लागते.

पैसा आल्यावर न्यायाचा खरा प्रश्न उभा राहतो. रॉयल्टी पुड्यांच्या प्रमाणात वाटली तर ज्याच्या घरी हात जास्त त्याला जास्त मिळते. एकटी विधवा आणि म्हातारी माणसे मागे पडतात. घरटी सारखी वाटली तर पहाटे चारला रानात जाणारीला ते अन्यायाचे वाटते. काही भाग घरटी आणि काही संकलनावर देणे हा मध्यम मार्ग आहे. पाने तोडण्यात आणि पुडे बांधण्यात बायकांचे कष्ट मोठे, खाते मात्र नवऱ्याचे, हे चालू राहिले तर हक्क अर्धाच पोचला असे म्हणावे लागेल. हिशेबाची वही ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.

खाणीसारख्या प्रकल्पांत याच हक्काचे वजन कळते. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. त्या वर्षी निवडलेल्या १२ ही ग्रामसभांनी, म्हणजे डोंगरिया कोंध आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी, खाण नाकारली.

या विषयावरच्या संशोधनात बाहेरचा अभ्यासक माहिती नेतो आणि गावाकडे काही परत येत नाही, ही जुनी तक्रार आहे. मेंढ्याने अभ्यासगटाची वाट धरली: गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, विषय समजून घेतात, निर्णय मात्र ग्रामसभाच सर्वसहमतीने घेते. अशा अभ्यासाचा विषय किती साधा असू शकतो, ते मधावरून पाहा. धूर-जाळ करून पोळे अख्खे उतरवले की माश्या मरतात. फक्त मधाचा भाग कापून अंडी-पिल्लांचा भाग फांदीवर राहू दिला, तर माश्या जगतात आणि त्याच पोळ्यात पुन्हा मध भरू लागतात.