रोव्हर किती चालला, हे ठरते कसे?

मंगळावरच्या रोव्हरच्या नकाशावर पुढे सरकणारी रेघ असते आणि शेजारी किलोमीटरचा आकडा. रेघ बहुतेकांना कळते. वाद होतो तो आकड्यावरून.

1997 मध्ये सोजर्नर हा रोव्हर एकूण 100 मीटरच फिरला, तोही लँडरच्या कॅमेऱ्यासमोर. खरी अडचण 2004 मध्ये सुरू झाली, कारण स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी लँडर सोडून दूर निघाले. चाकाचा घेर गुणिले फेऱ्या हा हिशेब रेतीत कोलमडतो. एप्रिल 2005 मध्ये ऑपॉर्च्युनिटी रेतीच्या उंचवट्यात रुतला. जूनमध्ये सुटेपर्यंत चाके सुमारे 190 मीटर जाता येईल इतकी फिरली, गाडी सरकली जेमतेम मीटरभर. थोडे चालून फोटो काढायचे आणि तेच दगड किती सरकले ते ताडून पाहायचे, ही पद्धत होती. पण ती इतकी वेळखाऊ होती की रोज, प्रत्येक टप्प्याला वापरणे परवडत नसे. 2012 मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या चाकांना मॉर्स लिपीतली छिद्रे आहेत. दर फेरीला तोच ठसा उमटतो, आणि दोन ठशांमधले अंतर पाहून चाक किती घसरले ते कळते.

सर्वात मोठा वाद मात्र चंद्रावरच्या गाडीचा. 1973 मधल्या सोव्हिएत लुनोखोद 2 ला चालवणाऱ्या आठ चाकांखेरीज फक्त अंतर मोजणारे नववे मोकळे चाक होते. त्यावरून 37 किलोमीटर हा आकडा चार दशके छापला गेला. मग चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या फोटोंत तिच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसल्या. 2013 मध्ये त्या मोजून काही संशोधकांनी 42 किलोमीटरच्या आसपासचा आकडा मांडला. पृथ्वीबाहेर सर्वाधिक अंतर चालण्याचा विक्रम लुनोखोदच्या नावावर होता आणि ऑपॉर्च्युनिटी तेव्हा त्याच्या जवळ पोहोचत होता, म्हणजे शर्यतीची अंतिम रेषाच पुढे सरकली! रशियन आणि अमेरिकी अशा दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजणी केली आणि 39 किलोमीटरवर एकमत झाले. जुलै 2014 मध्ये ऑपॉर्च्युनिटीने 40 ओलांडले. निर्णय योग्यच होता, कारण तो जमिनीवरच्या खुणांवर आधारलेला होता. तरी तुलना पूर्ण समान नाही: एका गाडीची चाकोरी वरून मोजली, दुसरीच्या आकड्याला मुख्य आधार गाडीवरच्या नोंदींचा. विक्रमाच्या बातम्यांतून ही गोष्ट गळाली, याचे वाईट वाटते.

2021 पासून पर्सिव्हरन्स न थांबता, चालता चालताच फोटो ताडतो. मंगळाभोवतीच्या यानाचा कॅमेरा एका पिक्सेलमध्ये 25 ते 30 सेंटिमीटर टिपतो, त्यामुळे गाडीची जागा वरूनही पडताळता येते. पण चंद्रावर वारा नाही; मंगळावरच्या चाकोऱ्या काही वर्षांत धुळीने बुजतात. 2018 च्या वादळात ऑपॉर्च्युनिटीचा संपर्क तुटला आणि त्याचा आकडा 45.16 किलोमीटरवर थांबला. लुनोखोदसारखी फेरमोजणी जमिनीवरच्या खुणांवरून आता तिथे होणे कठीण आहे. वेळोवेळी वरून काढलेले फोटो आणि रोजच्या नोंदी, एवढाच पुरावा हाती उरतो.