शेवंती की ॲस्टर? फूल उलटं करून बघा

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातले फुलांचे भाव नीट वाचले, तर शेवंती आणि ॲस्टर ही दोन नावं चार ठिकाणी भेटतात. शेवंती किलोवर, शेवंती काडी (म्हणजे लांब दांडीसकट) गड्डीवर, ॲस्टर जुडीवर आणि सुट्टा ॲस्टर पुन्हा किलोवर. फुलांच्या दुकानात नव्याने उभं राहणाऱ्या पोरापोरींना मी आधी या चार ओळी वाचायला सांगते. हार, सजावट, फुलदाणी आणि बुके या चारही कामांसाठी लागणारा माल त्यात आला. आणि या दोन फुलांची गल्लत केली तर चारही कामं बिघडतात.

गल्लत व्हावी असंच रूप आहे दोघांचं. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर शेकडो बारीक फुलांचं झुबकं असतं. कडेला पाकळीसारखी लांब फुलं, मध्ये नळीसारखी आखूड. मधली फुलंही पाकळीसारखी लांबली की फूल भरगच्च, ‘डबल’ दिसतं. मग टोपलीतला पांढरा ॲस्टर आणि पांढरी शेवंती समोरून पाहून वेगळी काढणं जाणत्यालाही जड जातं.

म्हणून फूल उलटं करायचं. ॲस्टरच्या पाठीला हिरव्या पानांची कॉलर असते. ही पानं चांगली लांब, पसरलेली, काठाला बारीक लव असलेली. शेवंतीच्या पाठीला असं काही नसतं. तिथे छोटे खवले कौलांसारखे एकावर एक घट्ट बसलेले असतात आणि त्यांचे काठ कोरडे, पातळ, कागदी असतात. देठाला पान असेल तर ते चुरगळून हुंगा. शेवंतीच्या पानाला तिखट, औषधी वास येतो. एकदा नाकात बसला की पुन्हा चुकत नाही. ॲस्टरच्या पानाला तो नाही. शेवंतीचं पान खोल कापलेलं आणि मऊ, ॲस्टरचं दातेरी आणि जरा खरखरीत.

रंगही मदत करतो. फूल गडद पिवळं किंवा तांबूस विटकरी असेल तर शेवंती समजा. ॲस्टरमध्ये पिवळा मिळतो तो फिकट, मलईकडे झुकणारा. याउलट निळसर जांभळा दिसला तर तो ॲस्टर. शेवंतीत निसर्गाने निळा रंग दिलेलाच नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २०१७ साली खरी निळी शेवंती जाहीर केली, त्यासाठी त्यांना दुसऱ्या झाडांची जनुकं घालावी लागली. त्यातलं एक जनुक आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचं होतं! तेव्हा दुकानात गडद निळी शेवंती आली तर ती रंगवलेली आहे. देठाचा ताजा काप आणि पानांच्या शिरा बघा, रंग पाण्यातून चढवला असेल तर तिथे दिसतो. ग्राहकाला तसं सांगूनच विकावी, कारण ओल्या पाकळीचा रंग साडीला लागू शकतो.

ओळख एवढ्यावर पटते. पण धंद्याच्या दृष्टीने या दोघांतला मोठा फरक फुलात दिसतच नाही. तो कॅलेंडरात आहे.

शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्री लांब होऊ लागल्या की ती कळी धरते. म्हणून उघड्या शेतातल्या शेवंतीचा भर दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्गशीर्षात चांगला जोर धरतो. शेतकरी उन्हाळ्यात मुनवे (जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेले कोंब) किंवा छाटकलमं लावतो, महिनाभराने शेंडे खुडतो म्हणजे फांद्या फुटतात, आणि मग वाट बघतो. शेताशेजारी रात्रभर दिवा जळत असेल तर त्या कडेची झाडं उशिरा फुलतात, इतकी ही गणती काटेकोर. पॉलिहाऊसवाले हेच उलटं वापरतात. झाड वाढवायचं असेल तेव्हा रात्री मध्येच दिवे लावून रात्र तोडायची, फुलवायचं असेल तेव्हा संध्याकाळी काळा कपडा ओढून रात्र लांबवायची. काडीची शेवंती बारमाही मिळते ती अशी. या मेहनतीचे पैसे तिच्या दरात असतात. ग्राहक ‘एवढी महाग का’ म्हणतो तेव्हा दुकानदाराला हे सांगता आलं पाहिजे.

ॲस्टरचा हिशेब निराळा. तो बियांपासून येणारा हंगामी. रोप महिनाभराचं झालं की लावायचं, आणि पेरणीपासून साधारण चार महिन्यांत फूल हाती. फुलून झालं की झाड संपलं. बी फार दिवस टिकत नाही, ताजंच लागतं. त्याच जमिनीत लागोपाठ ॲस्टर घेतला तर मर रोग गाठतो, म्हणून शेतकरी रान बदलत राहतो. थंडीतल्या लहान दिवसांत त्याच्या दांड्या आखूड राहतात, तेव्हा जुडी थोडी बुटकी दिसली तर माल वाईट म्हणून परत करू नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुण्याच्या गणेशखिंड केंद्रातून ‘फुले गणेश’ नावाच्या ॲस्टरच्या जाती दिल्या आहेत. पांढरा, गुलाबी, जांभळा, निळसर असे रंग त्यात आहेत.

आता हे दोन हिशेब सणांशी जुळवून बघा. आपले सण तिथीवर चालतात, शेवंती सूर्यावर चालते. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला. दसराही २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरवर गेला. ॲस्टरच्या शेतकऱ्याला याची अडचण नाही. तो पंचांग बघून पेरणी तीन आठवडे पुढे ढकलतो. शेवंतीला असं ढकलता येत नाही. सण लवकर आले त्या वर्षी उघड्या शेतातली स्थानिक शेवंती दसऱ्याला पुरेशी फुललेली नसते. मग लवकर फुलणाऱ्या जातींवर आणि दक्षिणेकडून येणाऱ्या मालावर भिस्त राहते आणि दर चढतो. अधिक मासाच्या वर्षी सण उशिरा येतात आणि शेवंतीच्या भराला गाठतात. नवं पंचांग हातात आलं की सणांच्या तारखा मागच्या वर्षीच्या तारखांशेजारी मांडणं हे माझ्या मते फुलवाल्याचं वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. लग्नाच्या किंवा मंडळाच्या सजावटीचं कोटेशन त्यानंतरच द्यावं. मागच्या वर्षीच्या सणाच्या दरावर यंदाचं कोटेशन दिलं तर शेवंतीत तोटा होण्याची शक्यता मोठी. ॲस्टरमध्ये ती कमी.

खरेदीच्या वेळीही दोघांना वेगळी नजर लागते. शेवंती किलोवर घेताना आधी हात घालून बघा. पावसात किंवा दवात काढलेला ओला माल वजनाला भरतो, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देतो. वर तो क्रेटमध्ये तापतो आणि आतून काळा पडतो. टोपलीच्या वरच्या थरावर जाऊ नका, तळातली मूठभर काढून बघा. काडीची शेवंती घेताना मध्यभाग घट्ट हवा. मध्ये पिवळा पराग मोकळा झाला असेल तर फूल जुनं. ॲस्टरच्या जुडीत मात्र पानं आधी बघायची. तिथे फुलापेक्षा पान लवकर बोलतं: खालची पानं पिवळी किंवा लिबलिबीत असतील तर जुडी कालची किंवा परवाची.

फुलदाणीत चांगली शेवंती दोन आठवडेही टिकते. मात्र तिच्या दांडीचा बुडखा लाकडासारखा टणक झालेला असतो, तिथून पाणी चढत नाही. तो भाग काढून वरच्या हिरव्या दांडीवर नवा काप द्यावा. ॲस्टर त्या मानाने कमी टिकतो. त्याची पाण्यात बुडणारी सगळी पानं काढलीच पाहिजेत, ती कुजली की पाण्याला वास येतो आणि फूलही माना टाकतं. हारातही तोच क्रम: सकाळचा हार संध्याकाळपर्यंत ताजा दिसायला हवा असेल तर शेवंती, आणि तासाभराच्या सत्काराला ॲस्टर पुरतो. ॲस्टर कमी प्रतीचा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. भाद्रपदात त्याच्याइतके रंग त्या दरात दुसरं कुठलंच फूल देत नाही. फक्त तो ॲस्टर म्हणून विकावा.

एक गोष्ट कारागिरांसाठी. शेवंती रोज हाताळणाऱ्यांच्या बोटांना खाज, भेगा, लाल चट्टे येतात, आणि बरेच जण ते पाण्यावर ढकलतात. शेवंतीच्या पानाफुलांत अशी द्रव्यं असतात की काही जणांच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते. त्वचारोगतज्ज्ञांना हा फुलवाल्यांचा विकार चांगला ठाऊक आहे. गाजर गवत त्याच कुळातलं, त्यामुळे ज्यांना गाजर गवताचा त्रास होतो त्यांना शेवंतीचाही होऊ शकतो. अशा माणसाला हातमोजे द्या किंवा गुलछडीच्या कामावर बसवा, आणि डॉक्टरांना व्यवसाय काय ते आवर्जून सांगायला सांगा.

परदेशी कॅटलॉगवरून माल मागवणाऱ्यांनी, किंवा बाहेरदेशी दुकान चालवणाऱ्यांनी, आणखी थोडं जपावं. आपण ज्याला ॲस्टर म्हणतो तो शास्त्रात कॅलिस्टेफस. डच कॅटलॉगात नुसतं ‘ॲस्टर’ मागितलं तर ‘मॉन्टे कॅसिनो’सारखी चिमुकल्या पांढऱ्या फुलांची, बुकेत भर घालायची काडी येऊ शकते. आपल्या जुडीचा ॲस्टर हवा असेल तर ‘चायना ॲस्टर’ किंवा कॅलिस्टेफस लिहा. शेवंतीच्या जुन्या लेबलांवर ‘डेंड्रँथेमा’ दिसलं तर गोंधळू नका. मध्यंतरी तिचं शास्त्रीय नाव बदललं होतं, १९९९ मध्ये ते पुन्हा क्रिसँथेमम झालं. आणि फ्रेंच किंवा इटालियन पाहुण्यांच्या स्वागताचा बुके असेल तर शेवंतीच टाळा, जपानी पाहुण्यांसाठी पांढरी शेवंती टाळा. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास लोक शेवंतीच्या कुंड्या कबरींवर नेतात, जपानमध्ये पांढरी शेवंती अंत्यविधीत असते.

हे ज्ञान शिळं होतं, कारण जाती बदलतात आणि माल येण्याची गावं बदलतात. ते ताजं ठेवायचं तर फुलबाजारात आडत्याइतकंच शेतकऱ्याशी बोलावं. पुण्याला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं पुष्प संशोधन संचालनालय आहे, तळेगाव दाभाडेला काढणीपश्चात तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण मिळतं. जमेल तेव्हा तिथे जावं. पण रोजचे प्रश्न दोनच ठेवा. ॲस्टरवाल्याला विचारा, ‘पुढची पेरणी कधीची?’ शेवंतीवाल्याला विचारा, ‘कळी दिसायला लागली का?’ पहिल्याच्या उत्तरात चार महिने मिळवा, दुसऱ्याच्या उत्तरात काही आठवडे, आणि दोन्ही तारखा सणांच्या तारखांशेजारी वहीत टिपून ठेवा.